धोटा ज्याच्या हातात

“लावा,” शालन म्हणाली आणि फोनचा रिसीव्हर तिने माझ्या हातात कोंबला. “बाईंना लावा.”

सोमवारची सभा होती. अकरा माणसं सतरंजीवर गोल बसली होती आणि अकराच्या अकरा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी जॉबर माणूस. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात सोळा वर्षं काढलेली. मागाचं काहीही बिघडू दे, हात घातला की चालू. पण त्या दुपारी तो रिसीव्हर मला मणाचा वाटला. कारण उषाबाई वारून सहा दिवस झाले होते आणि त्या खोलीत हे फक्त मला ठाऊक होतं.

“लाइन लागायची नाही आत्ता,” मी म्हणालो.

“लावून तर बघा की आधी!”

लावला. म्हणजे काय, माझ्याच घरचा नंबर फिरवला. दुपारी घरी कोणी नसायचं. तिकडे घंटी वाजत राहिली आणि इकडे मी बोलत राहिलो. “हां, बाई, नमस्कार. मी चौगुले. हो, सगळे मजेत. माग चालू आहेत. बरं, बरं. सांगतो सगळ्यांना.” ठेवला. सदरा पाठीला चिकटला होता.

“काय म्हणाल्या?”

“छान काम चाललंय म्हणाल्या. सगळ्यांना शाब्बास सांगा म्हणाल्या.”

सगळे खूश. भरमूने तर टाळ्या वाजवल्या. शालन तेवढी हसली नाही.

“शाब्बास म्हणाल्या? बाई?”

“हो मग!”

“भरमूच्या गोळ्यांचं विचारलं नाही?”

“विचारलं की.”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“वेळेवर घेतो म्हणून सांगितलं.”

“नाही सांगितलं,” शालन म्हणाली. “मी ऐकत होते.”

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो असा बसला. मी काहीतरी बडबडून मागाचं तेल बघायला उठलो. मागाला तेल मी सकाळीच दिलं होतं.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं होऊन गेली. उषाबाई दातार या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. घरात एकट्या. त्यांनी गावातल्या एका जुन्या शेडमध्ये हातमाग बसवून चिंध्यांची पायपुसणी आणि सतरंज्या विणायचं काम सुरू केलं. विणणारे कोण, तर ज्यांना तेव्हा सगळं गाव मतिमंद म्हणायचं ती माणसं. तीस वर्षांची, चाळीस वर्षांची, घरात एका कोपऱ्यात बसवून ठेवलेली. माग शिकवायला म्हणून बाईंनी मला बोलावलं. पहिल्या दिवशी मी विचारलं, “बाई, मुलं कुठायत?” तर बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “चौगुले, त्या शांताबाई तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या आहेत. इथे मुलं नाहीत. इथे सभासद आहेत.” झालं! त्या दिवसापासून माझ्या तोंडातून मुलं हा शब्द गेला.

बाईंनी दर सोमवारी सभा सुरू केली. सभेचा नियम एकच. मागावर आडवं सूत नेणारा लाकडी धोटा जसा या हातातून त्या हातात जातो, तसा सभेतही एक धोटा फिरायचा. जुना, शिसवी, टोकाची पितळ घासून घासून चकाकलेली. “धोटा ज्याच्या हातात, तो बोलणार,” बाई सांगायच्या. “आणि तो हातात आहे तोवर वेळ त्याची. मधे कोणी बोलायचं नाही, वाक्य पुरं करून द्यायचं नाही, घाई करायची नाही.” हे शेवटचं माझ्यासाठी होतं. भरमूला एक वाक्य बोलायला पाच मिनिटं लागायची. शब्द घशात अडकायचा, मान वाकडी व्हायची, आणि मला दम निघायचा नाही. मी चटकन म्हणायचो, “चहात आलं घालायचं म्हणतोय तो.” बाई माझ्याकडे अशा बघायच्या की मी शाळेतलं पोर होऊन जायचो. आणि खरं सांगतो, भरमूला बहुतेक वेळा आल्याबद्दल काही म्हणायचंच नसायचं.

त्या वर्षी बाईंनी अध्यक्ष निवडायला लावला. प्रत्येकाने आपली कांडी, म्हणजे सूत गुंडाळलेली ती लाकडी नळी, ज्याला निवडायचं त्याच्यापुढे ठेवायची. भरमूने आपली कांडी माझ्यापुढे ठेवली. बाई म्हणाल्या, “हे सभासद नाहीत.” तेव्हा त्याने ती उचलली, विचार केला आणि स्टोव्हपुढे नेऊन ठेवली. बाकीच्या बहुतेक शालनपुढे पडल्या.

शालन माळी तेव्हा अडतीसची. बुटकी, गोल चेहरा, बारीक डोळे, जीभ जरा जड. अध्यक्ष झाल्यावर बाईंनी तिच्या हातात सुताच्या कपाटाची किल्ली दिली. ती तिने कमरेला खोचली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर राज्य करायला लागली. “काय ओ मास्तर, कानात बोलताय का गावात?” यंत्रमागावरच्या माणसाचा आवाज मोठाच असतो. तो लहान करायला मला शालनने शिकवलं, बायकोला काही ते जमलं नव्हतं.

तर बाई गेल्या एका मंगळवारी. पहाटे छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी मिरजेला नेलं, मी मागोमाग पोचलो तोवर खेळ आटोपला होता. आमच्या संस्थेचे सेक्रेटरी मगदूम साहेब तिथेच होते. भला माणूस, उगाच कशाला वाईट म्हणू! पण ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “चौगुले, मुलांना काही सांगू नका. त्यांना झेपायचं नाही. त्या भरमूला आकडी येईल, एखादी दगावेलसुद्धा. बाई पुण्याला भाचीकडे गेल्यात म्हणा. त्यांच्या घरच्यांनाही मी तसंच सांगून ठेवतो. हळूहळू विसरतील.”

“शालनला तरी सांगू का? अध्यक्ष आहे ती.”

मगदूम साहेब मायेने हसले. “अहो, ते बाईंचं कौतुक होतं. खरंच अध्यक्ष का ती?”

मी मान डोलावली. मलाही ते सोयीचंच होतं. कोणाच्या तोंडावर असली बातमी सांगायची माझ्यात धमक नव्हती. मिरजेहून थेट शेडवर आलो, कुलूप काढलं, आणि दारात उभ्या असलेल्या अकराजणांना हसतमुखाने सांगितलं, “बाई पुण्याला गेल्या बरं का! भाचीकडे.”

मला वाटलं होतं, संपलं. पण चार वाजता भरमूने चहा केला. चहाचं खातं त्याचं. अकरा पेले भरले, माझा भरला, आणि मग बाईंचा तो दांडी तुटलेला निळ्या फुलांचा कप घेतला, तोही भरला, वर बशी झाकली आणि खिडकीत ठेवला.

“अरे, बाई नाहीत ना!”

“आ... आल्या... तर?” भरमू म्हणाला.

रोज चार वाजता तो कप भरला जायचा. रोज सकाळी सगळे यायच्या आधी मी तो चहा मोरीत ओतायचो, कप विसळून जागेवर ठेवायचो. माणूस किती खालच्या थराला जातो बघा. मोरीत चहा ओतताना मी नळ मोठा सोडायचो, जसा काही कोणी ऐकणार होतं.

तेराव्या दिवशी, रविवारी, गावातल्या हॉलमध्ये शोकसभा ठरली. गावातली सगळी मोठी माणसं येणार होती. सभासदांना अर्थातच बोलावणं नव्हतं. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, फ्रेमवाल्याचा माणूस बाईंचा फोटो शेडवरच देऊन गेला. काचेचा, मोठा, चंदनाच्या सालीचा हार घातलेला. माझी पाचावर धारण बसली. सभासद यायची वेळ झालेली. मी तो कागदात गुंडाळला आणि सुताच्या कपाटात लाल चिंध्यांच्या गठ्ठ्यामागे सारला, कारण कपाट शुक्रवारपासून उघडंच राहिलं होतं आणि लपवायला दुसरी जागा सुचली नाही. त्या कपाटात शालन दिवसातून दहा वेळा हात घालते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अकराच्या सुमारास मी मागाखाली उताणा होऊन पट्टा बसवत होतो. बाजूला शालनचे पाय दिसले. बाहेर आलो. तिने फोटो छातीशी धरला होता.

“मास्तर, बाई मेल्या?”

“अगं, तो... तो सत्काराचा फोटो आहे.”

“हार आहे.”

“सत्काराला हार घालतातच की.”

“माणसाला घालतात,” शालन म्हणाली. “फोटोला नाही.”

ती माझ्याशेजारी खाली बसली, फोटो मांडीवर घेतला, आणि अगदी सावकाश बोलायला लागली.

“आमचे आबा होते. मी नऊ वर्षांची होते. आई म्हणाली, आबा मुंबईला गेलेत. मी पायरीवर बसायचे. संध्याकाळी एसटी यायची ना, तेव्हा. रोज. दादाचं लग्न झालं, तरी बसायचे. मग आत्याच्या घरी गेलो जेवायला. तिथे भिंतीवर आबा. हार घातलेला.” तिने फोटोवरचा हार सरळ केला. “मी रडले. तर सगळे म्हणाले, आता काय रडतेस? किती वर्षं झाली!”

माग चालूच होते. खटाक् खटाक्. मी आजवर आयुष्यात एवढं लाजलो नाही, आणि हे सांगायला आज मला लाज वाटत नाही.

“मला माफ कर शालन.”

“सभा बोलवा,” ती म्हणाली.

“आज शनिवार आहे. सभा सोमवारी असते.”

“अध्यक्ष कोण?”

“तू.”

“मग बोलवा.”

“मगदूम साहेबांना एकदा विचारतो...”

“ते सभासद आहेत?”

“नाहीत.”

“मग?”

मी शेवटचा बाण काढला. “अगं, भरमूला आकडी आली म्हणजे?”

“आली तर आली,” शालन म्हणाली. “दर महिन्याला येते. कुशीवर वळवायचा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, घड्याळात बघायचं. मला येतं सगळं. तुम्हीच घाबरता.”

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. भरमूला आकडी आली की मी पाणी आणायला पळायचो, आणि ते पाणी कोणालाच लागायचं नाही.

माग थांबले. सगळे सतरंजीवर गोल बसले. शालनने एक उशी आणून भरमूच्या पाठीशी ठेवली, फोटो बाईंच्या जागेवर भिंतीला टेकवला आणि धोटा हातात घेतला. मी दारापाशी उभा होतो.

“बाई मेल्या,” शालन म्हणाली. “पुण्याला नाही गेल्या. छातीत दुखलं आणि मेल्या. त्यांना जाळलं. आता परत येणार नाहीत. चहा ठेवला तरी येणार नाहीत.”

बस्स. एवढंच. मी पहिल्या दिवशी हेच सांगायला हवं होतं.

शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. दोघं-तिघं मोठ्यांदा रडायला लागली. यास्मिन आमच्या सभेची वही ठेवायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती चित्रं काढायची. तिने वही उघडली आणि बाईंचा चष्मा काढला, नुसता चष्मा. धोटा फिरायला लागला. एकजण म्हणाला, बाई मला लई ओरडायच्या, आणि म्हणताना हसला, मग रडला. शांताबाई म्हणाल्या, माझ्या नावापुढे बाई पहिल्यांदा त्यांनीच लावलं. दोघांनी धोटा नुसता हातात धरला आणि पुढे दिला.

मग तो भरमूकडे आला. भरमूची मान वाकडी झाली, ओठ थरथरले. मिनिट गेलं, दोन गेली. सगळे थांबले होते.

“मग... च... चहा,” भरमू म्हणाला. “कोण... प्यायचं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, सांगा,” शालन म्हणाली. “खोटं तुम्ही बोललात.”

“कोणी नाही, भरमू,” मी म्हणालो. “मी ओतून द्यायचो. मोरीत.”

भरमूला आकडी आली नाही. त्याला राग आला. एवढ्या वर्षांत मी त्याला रागावलेला पाहिला नव्हता. लाल झाला, धोटा सतरंजीवर आपटला, परत उचलला, कारण बोलणं संपलं नव्हतं.

“मी... सा... साखर,” तो म्हणाला, “वेग... वेगळी... कमी... घालायचो!”

बाईंना मधुमेह होता. अकरा दिवस तो त्यांचा चहा वेगळ्या भांड्यात करत होता, आणि मला, रोज तो ओतणाऱ्याला, त्याचा पत्ता नव्हता.

“चुकलो रे,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

भरमू उठला. खिडकीतला कालचा कप त्या दिवशी धांदलीत माझ्याकडून ओतायचा राहिला होता. त्याने तो घेतला, अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी चहा ओतला, कप स्वच्छ धुतला, पुसला आणि फोटोपुढे पालथा ठेवला. मग येऊन जागेवर बसला.

शालनने ठराव मांडला. कोणी मेलं, कोणी आजारी पडलं, काहीही वाईट झालं, तर ते सभासदांना त्याच दिवशी सांगायचं. दहा कांड्या फटाफट पुढे आल्या. अकरावी भरमूची, तीही आली, या वेळी स्टोव्हकडे गेली नाही. यास्मिनने वहीत एक तोंड काढलं आणि एक कान काढला. दुसरा ठराव, उद्या हॉलमध्ये आपण सगळ्यांनी जायचं. यास्मिनने अकरा खुर्च्या काढल्या, आणि मगदूम साहेबांना कळवायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारचं गावाला ठाऊक आहे. अकराजण धुतलेल्या कपड्यांत हॉलमध्ये कसे गेले, पहिल्या रांगेत कसे बसले, मगदूम साहेबांनी आधी माझ्याकडे डोळे वटारले आणि नंतर शालनला हात जोडले, हे सगळं लोक अजून सांगतात. शनिवारचं मात्र कोणाला ठाऊक नाही.

ठराव झाले. मला वाटलं, सभा संपली. मी मागाकडे वळलो.

“मास्तर,” शालन म्हणाली. “तुम्ही राहिलात.”

“मी सभासद नाही ना गं.”

“बसा.”

बसलो. तिने धोटा माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत सभेचा धोटा माझ्या हातात कधी आला नव्हता. मला वाटलं, आता शिक्षा. मनाशी म्हटलं, देऊ दे, पदरात घेऊ.

“माझं चुकलं,” मी सुरुवात केली. “मी तुम्हाला...”

“ते झालं,” शालन म्हणाली. धोटा माझ्या हातात असताना ती मधे बोलली, पण अध्यक्षाला कोण सांगणार! “तुम्ही रडलात का?”

“कधी?”

“बाई मेल्या तेव्हा.”

मी आठवायला लागलो. मिरजेला मगदूम साहेबांपुढे नाही. तिथून शेडवर आलो तो हसतच. रोज दिवसभर तोंड हसरं ठेवायचं, घरी गेलो की बायकोला म्हणायचो, जेवायला वाढ. सकाळी उठून चहा ओतायचा. ज्या बाईंनी मला, एका सातवी नापास जॉबरला, माणसांशी बोलायला शिकवलं, त्या गेल्या, आणि अकरा दिवसांत मी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या पुण्याला गेल्या आहेत असं सांगता सांगता मलाच ते अर्धं खरं वाटायला लागलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “वेळच नाही मिळाला.”

“मग आता रडा,” शालन म्हणाली. “घाई नाही.”

तिने यास्मिनला पंखा बंद करायला सांगितलं. खोलीत एकदम शांत झालं. मी हातातल्या धोट्याकडे बघत होतो, त्याच्या चकाकत्या पितळेकडे, आणि मग मला ती दिसेनाशी झाली. मी रडलो. हमसून हमसून, माझ्या त्या यंत्रमागावरच्या मोठ्या आवाजात रडलो. कोणी पाणी आणायला पळालं नाही. कोणी पाठीवर हात ठेवून पुरे म्हणालं नाही. कोणी माझं वाक्य माझ्यासाठी पुरं केलं नाही. अकरा माणसं गोल बसून राहिली, भरमूसाठी थांबायची तशी.

किती वेळ गेला कोण जाणे. दुपार कलली होती. भरमू हळूच अर्धा उठला आणि स्टोव्हकडे बघत म्हणाला, “झा... झालं... का?”

“धोटा अजून त्यांच्या हातात आहे,” शालन म्हणाली. “बस खाली.”

भरमू बसला.